मंजुरीचा शिक्का आणि ओळखीचा चेहरा : अ‍ॅप विकणाऱ्या दुकानांचे परीक्षण

मोबाइलवरच्या प्रत्येक अ‍ॅपला तारे देण्याची सोय असते, पण ज्या दुकानातून ते अ‍ॅप आले त्या दुकानाला तारे देण्याची सोय कोठेही नसते. गेली अकरा वर्षे मी पुण्यात, कोथरूडमधल्या दोन खोल्यांच्या कार्यालयात या दुकानांसाठी अ‍ॅप तयार करते, आणि घरात, नात्यात, सोसायटीत कोणाचाही नवा फोन आला की त्यावर अ‍ॅप उतरवून देण्याचे कामही माझ्याकडेच येते. माल पुरवणारी आणि माल घेणारी अशा दोन्ही बाजूंनी या दुकानांशी माझा रोजचा संबंध आहे. अ‍ॅपलचे अ‍ॅप स्टोअर आणि गूगलचे प्ले स्टोअर ही त्यांतली दोन सर्वांत मोठी. त्यांच्याशिवाय फोन बनवणाऱ्या कंपन्यांची आणि इतरांची लहानमोठी अनेक स्टोअर आहेत. कोणते अ‍ॅप ठेवायचे आणि कोणते नाकारायचे याबाबतचे त्यांचे निर्णय आणि नामवंतांचे चेहरे घेऊन होणाऱ्या अ‍ॅपच्या जाहिराती, या दोन गोष्टी मला येथे तपासायच्या आहेत. त्या एकत्र का तपासायच्या, हे नवी पेठेतल्या एका प्रसंगावरून अधिक नीट सांगता येईल.

आईचे घर नवी पेठेत आहे. वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या ती स्पर्धा परीक्षेच्या मुलांना कॉट बेसिसवर, म्हणजे एकेका खाटेच्या भाड्याने, देते. २०२२च्या पावसाळ्यात त्यांतल्या एका मुलाने, मेसचे पैसे आणि टेस्ट सिरीजची फी एकदमच भरायची वेळ आल्यामुळे, फोनवरच्या एका अ‍ॅपमधून पाच हजारांचे कर्ज घेतले. हातात पडले तीन हजार शंभर. बाकीचे 'प्रक्रिया शुल्क' म्हणून आधीच कापून घेतले होते, आणि परतफेडीची मुदत होती सात दिवसांची. सहाव्या दिवशी दुपारी आईला एका अनोळखी माणसाचा फोन आला, आणि त्यानंतर पाच मिनिटांत माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवर त्या मुलाचे छायाचित्र आले. शेजारी त्याचे पॅन कार्ड होते आणि वर लाल अक्षरांत 'चोर' असे लिहिले होते. त्याच्या फोनमध्ये माझा क्रमांक 'काकूंची मुलगी' या नावाने जतन केलेला होता, आणि मला आलेल्या निरोपाची सुरुवातही 'काकूंची मुलगी' याच शब्दांनी झालेली होती. त्याचे शाळेतले शिक्षक, गावाकडचा चुलता, मेसवाल्या मावशी अशा चाळीसएक जणांना तेच चित्र गेले होते.

रात्री तो खाली आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसला, तेव्हा पैशांपेक्षा एकच गोष्ट तो पुन्हा पुन्हा सांगत होता. "ताई, मी कुठल्या लिंकवरून नाही टाकलं, स्टोअरवरूनच घेतलं होतं. आणि जाहिरातीत तो मालिकेतला नट होता, काकू रोज बघतात तो." आईने त्याच्यापुढे ताट वाढले आणि मला विचारले, "अगं, पण त्यांनी बघितल्याशिवाय दुकानात ठेवलं कसं?"

दुकानात आहे म्हणजे कोणीतरी पाहिले असणार, आणि ओळखीचा चेहरा सांगतो आहे म्हणजे त्याने तरी चौकशी केली असणार, अशा दोन भरवशांवर त्या मुलाने आपली संपर्क-यादी त्या अ‍ॅपच्या हवाली केली होती. तो निष्काळजी मुलगा नव्हे. पेपरमधल्या बातम्यांची कात्रणे वहीत चिकटवून ठेवणारा, अर्थव्यवस्थेच्या विषयात चांगले गुण मिळवणारा मुलगा आहे. आम्ही त्याच रात्री १९३० या सायबर फसवणुकीच्या तक्रारींच्या क्रमांकावर फोन करून तक्रार नोंदवली, आणि मी स्टोअरवर त्या अ‍ॅपच्या पानावर जाऊन, तळाशी असलेल्या पर्यायातून, ते अ‍ॅप धोकादायक असल्याचे कळवले. तेथे आपल्या शब्दांत काही लिहिण्यापूर्वी दिलेल्या यादीतले एक कारण निवडावे लागते, आणि त्या यादीत धमकी किंवा बदनामी असे कारणच नव्हते. यंत्राने पाठवलेली पोच आली. नवव्या दिवशी ते अ‍ॅप दुकानातून गेले. त्यानंतर चार दिवसांनी छत्रीखाली नाणे असलेले तेच निळे चिन्ह वेगळ्या नावाने पुन्हा दिसले, आणि मराठीतल्या वर्णनात पहिल्या अ‍ॅपमध्ये जी चूक होती, 'कोनतेही कागदपत्र नको', ती चूकही तशीच होती. 'कोणतेही' या शब्दातला 'ण' सुधारण्याचीसुद्धा गरज त्या लोकांना वाटली नाही, कारण मंजुरी देणाऱ्याने ते वाक्य वाचलेलेच नाही हे त्यांना ठाऊक होते. ज्या दुकानाचा हा अनुभव आहे त्याचे नाव मी येथे घेत नाही, कारण प्रश्न एकट्या त्या दुकानाचा नाही.

रिझर्व्ह बँकेच्या कार्यगटाने नोव्हेंबर २०२१ मध्ये डिजिटल कर्जव्यवहारावर अहवाल दिला. १ जानेवारी ते २८ फेब्रुवारी २०२१ या दोन महिन्यांत भारतातल्या अँड्रॉइड ग्राहकांना ८० हून अधिक स्टोअरवर कर्जाची सुमारे १,१०० अ‍ॅप उपलब्ध होती आणि त्यांतली सुमारे ६०० बेकायदा होती, असे त्या अहवालात नोंदवलेले आहे. पुढे संसदेत सरकारने दिलेल्या माहितीनुसार, एप्रिल २०२१ ते जुलै २०२२ या काळात गूगलने कर्जाची साडेतीन ते चार हजार अ‍ॅप तपासली आणि २,५०० हून अधिक काढून टाकली. ही संख्या कर्तव्यदक्षतेचा पुरावा म्हणून सांगितली जाते, आणि काढणे आवश्यक होतेच. परंतु दुकानातून काढलेले प्रत्येक अ‍ॅप त्याआधी दुकानात आलेले असते, म्हणजेच मंजूर झालेले असते, ही गोष्ट त्या आकड्याबरोबर कोणी उच्चारत नाही.

अशी अ‍ॅप मंजूर होतात कशी, याविषयी या व्यवसायातली माणूस म्हणून थोडे तपशिलाने सांगितले पाहिजे. लबाड अ‍ॅपचे दोन चेहरे असतात. परीक्षकाकडे जाते तेव्हा ते हप्ता मोजण्याचे साधे गणकयंत्र असते. मंजुरी मिळाली की दूरच्या सर्व्हरवरचे एक बटण फिरवले जाते आणि तेच अ‍ॅप कर्ज वाटू लागते. कधी ते फोन कोणत्या देशात आहे हे पाहून आपले रूप ठरवते, जेणेकरून परदेशात बसलेल्या परीक्षकाला खरा पडदा दिसूच नये. हे ओळखणे अवघड आहे, हे मी मान्य करते. परंतु संपर्क-यादी, छायाचित्रे आणि संदेश वाचण्याची परवानगी मागणे ही गोष्ट लपवता येत नाही. अँड्रॉइडवर ती मागणी अ‍ॅपच्या 'मॅनिफेस्ट' नावाच्या फायलीत, जेथे अ‍ॅपला कोणकोणत्या परवानग्या हव्यात ते नोंदवलेले असते, उघडपणे लिहावीच लागते, आणि ती फाइल वाचायला यंत्राला क्षणही लागत नाही. कर्ज देणाऱ्या अ‍ॅपला कर्जदाराच्या मावशीचा क्रमांक कशासाठी हवा, हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारता आला असता. गूगलने वैयक्तिक कर्जाच्या अ‍ॅपांना संपर्क-यादी आणि छायाचित्रे पाहण्यास मनाई केली ती ३१ मे २०२३ पासून. रिझर्व्ह बँकेचा अहवाल येऊन तेव्हा दीड वर्ष झाले होते. तो नियम चांगला आहे आणि त्याचा उपयोगही झाला आहे. माझी तक्रार त्याला लागलेल्या वेळाबद्दल आहे.

दुसऱ्या बाजूला, जे निरुपद्रवी आहे त्याच्या बाबतीत हीच दुकाने अत्यंत कडक असतात. आमच्या कार्यालयाने लहान मुलांसाठी बाराखडी गिरवण्याचे एक अ‍ॅप केले आहे. बोटाने अक्षर काढताना उभी काठी आधी की गोलाई आधी, शिरोरेघ कधी द्यायची, हे ते अ‍ॅप मुलाला दाखवते. त्यासाठी माझ्या सहकारीने एका निवृत्त शिक्षिकेबरोबर बसून प्रत्येक अक्षराच्या हालचाली कागदावर आखून घेतल्या होत्या. एका स्टोअरने ते तीन वेळा परत पाठवले. कारण दिले होते की अ‍ॅपमध्ये 'पुरेसे काम' नाही. सोबत जोडलेल्या चित्रात फक्त पहिला पडदा होता, ज्यावर 'सुरू करा' हे एकच बटण असते. आणि आमच्या नोंदींवरून दिसले की परीक्षकाच्या फोनवर ते अ‍ॅप चाळीस सेकंद उघडे होते आणि ते बटण एकदाही दाबले गेले नव्हते. बटणावरचा शब्द मराठीत होता. चौथ्या वेळी आम्ही त्याखाली इंग्रजीत तोच शब्द लिहिला आणि अ‍ॅप मंजूर झाले. मराठी शिकवणाऱ्या अ‍ॅपवर ते इंग्रजी बटण आजही आहे, आणि मला ते रोज खुपते.

हा अनुभव माझ्या एकटीचा असता तर मी तो लिहिला नसता. अ‍ॅप स्टोअर १० जुलै २००८ रोजी ५०० अ‍ॅपांनिशी सुरू झाले आणि त्याच ऑगस्टमध्ये तेथे एक अ‍ॅप मंजूर झाले, जे ९९९.९९ डॉलर घेऊन पडद्यावर एक लाल रत्न दाखवत असे आणि दुसरे काहीही करत नसे. ते काढून टाकेपर्यंत आठ जणांनी विकत घेतले होते. २००९च्या एप्रिलमध्ये फोन जोरात हलवून रडणारे बाळ गप्प करण्याचा एक विकृत खेळ मंजूर झाला आणि लोकांचा संताप झाल्यावर कंपनीला माफी मागावी लागली. आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये मार्क फिओरे या अमेरिकी व्यंगचित्रकाराचे अ‍ॅप नाकारले गेले, कारण त्यात सार्वजनिक जीवनातल्या व्यक्तींची खिल्ली उडवली आहे असे सांगण्यात आले. राजकीय व्यंगचित्रात दुसरे काय असणार? एप्रिल २०१० मध्ये फिओरे यांना व्यंगचित्रासाठी पुलित्झर पारितोषिक मिळाले, आणि मग कंपनीने त्यांना अ‍ॅप पुन्हा पाठवायला सांगितले व ते मंजूर केले. व्यंगचित्रे तीच होती. पारितोषिक न मिळालेल्या व्यंगचित्रकाराचे काय झाले असते, हे सांगण्याची गरज नाही. व्यंगचित्रांवर वाढलेल्या मराठी वाचकाला त्या निर्णयातला अन्याय समजावून सांगावा लागत नाही. मंजुरीची लेखी नियमावली अ‍ॅपलने प्रसिद्ध केली तीही या प्रकारानंतर, सप्टेंबर २०१० मध्ये.

परीक्षकांजवळ वेळ किती असतो, याचा हिशेब कंपनीच्याच उत्तरावरून करता येतो. २००९ मध्ये गूगल व्हॉइस हे फोन करण्याचे अ‍ॅप नाकारल्यावर अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने अ‍ॅपलकडे खुलासा मागितला, तेव्हा अ‍ॅपलने कळवले की आपल्याकडे ४० हून अधिक पूर्णवेळ परीक्षक आहेत, प्रत्येक अ‍ॅप किमान दोघे पाहतात आणि आठवड्याला सुमारे ८,५०० नवी अ‍ॅप व सुधारित आवृत्त्या येतात. भागाकार केला तर एका परीक्षकाच्या वाट्याला दिवसाला पंच्याऐंशीच्या आसपास अ‍ॅप येतात, म्हणजे एका अ‍ॅपला सहा मिनिटेही मिळत नाहीत. पुढे कंपनीने ५०० हून अधिक परीक्षक आणि आठवड्याला एक लाखाहून अधिक अ‍ॅप असे आकडे सांगितले. त्यांवरून प्रत्येकी बारा मिनिटांच्या आसपास वेळ येतो. यंत्राची मदत असते हे धरले तरी हा वेळ थोडाच आहे, आणि तो कमी पडतो असे म्हणणारी मी एकटी नाही. एपिक गेम्स ही व्हिडिओ गेम बनवणारी कंपनी आणि अ‍ॅपल यांच्यातल्या २०२१च्या खटल्यात अ‍ॅपलच्याच गैरव्यवहारविरोधी विभागातले एरिक फ्रीडमन यांचे अंतर्गत लेखन पुढे आले, आणि त्यात त्यांनी ही परीक्षणव्यवस्था म्हणजे बंदुकीच्या लढाईला लोणी लावायची प्लास्टिकची सुरी घेऊन जाणे आहे असे म्हटले होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये 'लास्टपास' या पासवर्ड सांभाळणाऱ्या प्रसिद्ध अ‍ॅपची, नावात एक अक्षर बदललेली आणि बोधचिन्हाची नक्कल केलेली खोटी आवृत्ती त्याच व्यवस्थेतून मंजूर होऊन दुकानात दिसली. पासवर्ड सांभाळणारे अ‍ॅप म्हणजे घरातल्या सगळ्या कुलपांच्या किल्ल्या जेथे ठेवतो ती जागा. तिच्या नावातले एक अक्षर पाहणे हे परीक्षकाचे पहिले काम होते.

आता आपल्याकडच्या दोन घटना. १८ सप्टेंबर २०२० रोजी, आयपीएल सुरू होण्याच्या आदल्या दिवशी, गूगलने पेटीएमचे मुख्य अ‍ॅप जुगारविषयक धोरणाचा भंग झाल्याचे सांगून प्ले स्टोअरवरून काढले आणि त्याच दिवशी काही तासांनी परत आणले. १ मार्च २०२४ रोजी गूगलने आपल्याला द्यायच्या शुल्काच्या वादावरून दहा भारतीय कंपन्यांची अ‍ॅप काढली. त्यांत नोकरी, ९९एकर्स, शादी आणि भारतमॅट्रिमनी होती. केंद्र सरकारने मध्यस्थी केल्यावर ती काही दिवसांत परत आली. नोकरी शोधणारा, घर शोधणारा आणि स्थळ पाहणारा या तिघांचाही त्या वादाशी काडीचा संबंध नव्हता. भाड्याने घर पाहणाऱ्या माझ्या एका मैत्रिणीने त्या शनिवारी मला फोन करून विचारले होते की ते अ‍ॅप लबाड निघाले का. कारण दुकानातून काढले म्हणजे काहीतरी खोटे असणार, असेच कोणीही समजेल. पैशांच्या वादासाठी वापरायची शिक्षा आणि फसवणुकीसाठी वापरायची शिक्षा एकच ठेवली, तर त्या शिक्षेवरून ग्राहकाला काहीही कळत नाही.

पेटीएमच्या घटनेला आणखी एक बाजू आहे. त्याच्या तीनच दिवस आधी त्या समूहातल्या पेटीएम फर्स्ट गेम्स या खेळांच्या कंपनीने सचिन तेंडुलकर यांना आपले सदिच्छादूत म्हणून जाहीर केले होते. पैसे लावून खेळायचे क्रिकेटचे खेळ तेव्हा प्ले स्टोअरच्या नियमांत बसत नव्हते. लोक ते कंपनीच्या संकेतस्थळावरून उतरवून घेत. सप्टेंबर २०२२ मध्ये गूगलने भारतापुरती प्रायोगिक सवलत देऊन दैनिक फॅंटसी खेळ (खऱ्या सामन्यातल्या खेळाडूंचा आपला काल्पनिक संघ लावायचा खेळ) आणि रमी या दोनच प्रकारांना दुकानात जागा दिली. दोनच का, या तक्रारीवरून २०२४ मध्ये स्पर्धा आयोगाने चौकशीचा आदेश दिला. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैसे लावण्याचे सगळे ऑनलाइन खेळ आणि त्यांच्या जाहिराती यांच्यावर बंदी घातली. पाच वर्षांत एकच वस्तू निषिद्ध, मग निवडक मान्य आणि शेवटी कायद्याने बंद झाली. या पाचही वर्षांत तिच्या जाहिराती मात्र प्रत्येक षटकामागे अखंड चालू होत्या, आणि त्यांत क्रिकेटपटूंचे व नटांचे चेहरे होते.

तेंडुलकरांविषयी हे लिहिताना मला त्रास होतो, कारण त्यांच्यावर आमच्या पिढीचे प्रेम आहे, आणि तो खेळ त्या वेळी कायद्याच्या बाहेर नव्हता हेही खरे आहे. तरीही ३१ ऑगस्ट २०२३ रोजी आमदार बच्चू कडू यांनी त्यांच्या वांद्र्याच्या घरासमोर आंदोलन केले, तेव्हा भारतरत्न मिळालेल्या व्यक्तीने अशी जाहिरात करू नये हे त्यांचे म्हणणे मला पटले होते. त्यानंतर पाच महिन्यांतच, जानेवारी २०२४ मध्ये, तेंडुलकरांचा बनावट चेहरा आणि बनावट आवाज वापरून केलेली एका गेमिंग अ‍ॅपची चित्रफीत पसरली. आपली मुलगी त्या अ‍ॅपवर पैसे कमावते असे त्यात त्यांच्या तोंडी घातले होते. त्यांनी स्वतः ती खोटी असल्याचे जाहीर केले आणि मुंबईत गुन्हा दाखल झाला. ही त्यांची फसवणूक होती, यात शंका नाही. पण आईच्या वयाच्या माणसाने ती चित्रफीत खरी का मानली असती, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. तो चेहरा त्या आधी एका खेळाच्या अ‍ॅपसाठी खरोखरच बोलला होता, म्हणून दुसऱ्या अ‍ॅपसाठी बोलतो आहे यात अविश्वसनीय असे काही उरले नव्हते. नामवंताने अ‍ॅपची एक खरी जाहिरात केली की पुढच्या दहा खोट्या जाहिरातींचा रस्ता मोकळा होतो, आणि हे नुकसान मानधनाच्या करारात कोठेही लिहिलेले नसते.

बाकीची उदाहरणे सर्वांना माहीत आहेत, म्हणून थोडक्यात. शिकवणीचे अ‍ॅप चालवणाऱ्या बायजूजने २०२२च्या ऑक्टोबरमध्ये सुमारे २,५०० कर्मचाऱ्यांना कमी करण्याचे जाहीर केले आणि पुढच्याच महिन्यात लिओनेल मेस्सी यांना सदिच्छादूत नेमले. जुलै २०२४ मध्ये ती कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. अमेरिकेत दूरचित्रवाणीवरच्या प्रसिद्ध किम कार्दाशियन यांनी एका कूटचलनाची (क्रिप्टोकरन्सीची) जाहिरात केली, पण त्यासाठी अडीच लाख डॉलर मिळाले हे सांगितले नाही, म्हणून २०२२ मध्ये त्यांना १२ लाख ६० हजार डॉलर भरून तडजोड करावी लागली. आणि दुकान चालवणाऱ्या कंपनीचीच गोष्ट घ्यायची तर अ‍ॅपलने २०२४ मध्ये बेला रॅमझी या अभिनेत्रीला घेऊन नव्या सिरीची, म्हणजे फोनमधल्या बोलक्या मदतनिसाची, जाहिरात केली. पूर्वी भेटलेल्या एका माणसाचे नाव फोनच आठवून सांगतो, असे त्यात दाखवले होते. मार्च २०२५ मध्ये ती सोय पुढे ढकलल्याचे कंपनीने सांगितले आणि जाहिरात काढून घेतली. तोवर लोकांनी फोन घेतले होते. आपल्या अ‍ॅपच्या वर्णनात नसलेली सोय लिहिली तर आम्हाला त्याच दुकानातून नामंजुरी येते, आणि ती योग्यच असते.

चेहऱ्यांच्या बाबतीत निदान आपल्या कायद्याने एक पाऊल टाकले आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ याच्या कलम २१ प्रमाणे दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीतल्या नामवंताला दहा लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि एक ते तीन वर्षांपर्यंत जाहिराती करण्यास मनाई होऊ शकते. आपण दाव्यांची नीट खातरजमा केली होती हे दाखवता आले तरच सुटका. म्हणजे ज्याने आपले नाव उसने दिले, त्याने आधी चौकशी करावी, असे कायदा आता मागतो. दुकानाकडून मात्र तो हे मागत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९ खाली दुकान हे केवळ मध्यस्थ असल्याचे सांगून जबाबदारीतून बाहेर राहू शकते. न्यायालयाचा किंवा सरकारचा आदेश आल्यावर माल हटवणे आणि नियमांत सांगितलेली काळजी घेणे, एवढेच त्याच्याकडून मागितले जाते. मला हे मान्य होत नाही. जो वर्षाला ९९ डॉलर किंवा एकदा २५ डॉलर घेऊन दारात उभे राहू देतो, प्रत्येक अ‍ॅप आत घेण्याआधी तपासतो, नाकारतो, कारणे देतो, विक्रीतला वाटा घेतो आणि वर पैसे घेऊन एखाद्या अ‍ॅपला शोधाच्या पहिल्या ओळीत बसवतो, त्याला केवळ मध्यस्थ कसे म्हणायचे?

पुण्यातल्या तपकीर गल्लीत मी ज्या दुकानदाराकडून चार्जर घेते, तो खोका फोडून चार्जर फळीवरच्या प्लगमध्ये लावतो, माझा फोन त्याला जोडतो, चार्जिंगची खूण दिसली की मगच पैसे घेतो आणि वॉरंटीच्या कागदावर तारीख घालून दुकानाचा शिक्का मारतो. "काही झालं तर मला आणून दाखवा," एवढेच तो म्हणतो. त्या चार्जरमागे त्याला साठ-सत्तर रुपये सुटत असतील. चार्जर बनवणारा कोण, कोणत्या देशातला, हे मला ठाऊक नसते आणि ठाऊक असण्याची गरजही पडत नाही, कारण शिक्का मारणारा माणूस मला ठाऊक असतो.

दुकानांचे जे चांगले आहे तेही सांगितले पाहिजे, आणि ते थोडे नाही. चुकून घेतलेल्या अ‍ॅपचे पैसे बहुतेक वेळा विनातक्रार परत मिळतात. वर्गणी बंद करायला आता कोणाला फोन करावा लागत नाही. अपिलाला माणसाकडून उत्तर येण्याचे प्रमाण, माझ्या अनुभवात, दहा वर्षांपूर्वीपेक्षा बरेच वाढले आहे. २०२२ मध्ये अ‍ॅपलने जवळजवळ १७ लाख अ‍ॅप व आवृत्त्या नाकारल्या, आणि २०२३ मध्ये गूगलने २२ लाख ८० हजार नियमबाह्य अ‍ॅप प्रसिद्ध होण्याआधीच अडवली, असे त्या कंपन्यांनी सांगितले आहे. संकेतस्थळांवरून आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फायली थेट उतरवण्यापेक्षा स्टोअरवरून अ‍ॅप घेणे कितीतरी सुरक्षित आहे, आणि आईला मी आजही तेच सांगते.

पाचपैकी मी या सेवेला दोन तारे देते. तिसरा तारा मी तेव्हा देईन, जेव्हा अ‍ॅपच्या पानावर ते कोणत्या तारखेला, कोणत्या देशात आणि कोणत्या भाषेत तपासले गेले हे लिहिलेले असेल. म्हणजे मराठीत वर्णन असलेले कर्जाचे अ‍ॅप मराठी वाचणाऱ्याने पाहिले की नाही, हे घेणाऱ्याला कळेल. तक्रारीवरून काढलेल्या अ‍ॅपची यादी कारणासह दुकानाच्या दर्शनी भागात लागली आणि ते अ‍ॅप ज्यांनी आधीच उतरवले होते त्या प्रत्येकाला निरोप गेला, तर चौथा. त्या मुलाच्या फोनवर असा निरोप कधीही आला नाही. अ‍ॅप दुकानातून गेल्यावरही ते त्याच्या फोनवर आठवडाभर तसेच होते, आणि ते मी माझ्या हाताने काढले.

तो मुलगा त्या वर्षीची पूर्वपरीक्षा देऊ शकला नाही. पुढच्या वर्षी तो ती उत्तीर्ण झाला आणि मुख्य परीक्षेसाठी आईकडेच राहिला. त्याचे पॅन कार्ड लाल अक्षरांसह किती फोनांत अजून पडून आहे, याचा हिशेब लावता येत नाही. आता वरच्या खोल्यांत नवे कोणी राहायला आले की आई पहिल्याच दिवशी त्याचा फोन मागून घेते आणि मला फोन लावते. मी तिला अ‍ॅपच्या पानावर तळाशी जायला सांगते, जेथे विकसकाचा पत्ता असतो, आणि ती तो मोठ्याने वाचून दाखवते. गेल्या रविवारी तिने एका अ‍ॅपचा पत्ता वाचला तेव्हा तेथे रस्ता नव्हता, शहर नव्हते, कंपनीचे नाव नव्हते. नुसता एक ईमेल होता, त्यातही निम्मे आकडेच. वर जाहिरातीत कोण आहे, हे त्या मुलाने तिला सांगायला सुरुवात केली होती. आईने ते अ‍ॅप त्याला घेऊ दिले नाही.